वाचेचा ठाव घेणारा शल्यचिकित्सक

आपल्याशी कोणी बोलू लागले की त्याचे वाक्य पूर्ण होण्याची वाट आपले मन पाहत नाही. दर सेकंदाला दोन-तीन शब्द कानांवर पडत असतात आणि प्रत्येक शब्दासरशी पुढे काय येणार याचा अंदाज मन बांधत असते. आईने पोळीला, एवढे ऐकताच आपण तूप या शब्दाच्या तयारीत असतो. तेथे तूप न येता कुलूप आले, तर आपण क्षणभर अडखळतो आणि मग हसतो. आवाज ओळखणे, त्यातून शब्द वेगळे करणे, शब्दाचा अर्थ लावणे, कोणी कोणाला काय केले हे ठरवणे आणि उत्तराची जुळवाजुळव करणे ही सारी कामे त्या अल्पावधीत आपल्या नकळत पार पडतात. नकळत होतात म्हणूनच ती सोपी वाटतात. यात किती निरनिराळे धागे गुंफलेले आहेत हे ध्यानात येते ते त्यांतील एखादा धागा तुटल्यावर. असा तुटलेला धागा हाती धरून मनातील भाषेचा मागोवा घेणारे फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांचा परिचय या पाठात करून घ्यावयाचा आहे.

ब्रोका यांचा जन्म २८ जून १८२४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील सेंत-फ्वा-ला-ग्रांद या लहानशा गावी झाला. दोर्दोन्य नदीच्या काठी वसलेल्या या गावात प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांची मोठी वस्ती होती. कॅथलिक बहुसंख्य असलेल्या देशात हा पंथ अल्पसंख्य होता आणि पूर्वी त्याने बराच छळ सोसला होता. पॉलचे वडील बेंजामिन हे डॉक्टर होते, तर आई एका धर्मोपदेशकाची कन्या होती. घरात शिक्षणाला मान होता. पॉल अभ्यासात हुशार निघाला. गणित आणि भौतिकशास्त्र हे त्याचे आवडीचे विषय होते. सोळाव्या वर्षी शालान्त पदवी मिळवल्यावर मात्र त्याने वडिलांचा व्यवसाय स्वीकारला आणि १८४१ मध्ये वैद्यकाच्या अभ्यासासाठी तो पॅरिसला गेला.

पॅरिसमधील पुढची वर्षे कष्टांची आणि चढत्या यशाची होती. १८४९ मध्ये त्यांना वैद्यकातील सर्वोच्च पदवी मिळाली आणि चार वर्षांनी अध्यापनाचा अधिकारही प्राप्त झाला. १८५७ मध्ये त्यांनी आदेल लुगोल यांच्याशी विवाह केला. आदेलचे वडील डॉक्टर होते. प्रयोगशाळेत आजही वापरले जाणारे आयोडीनचे एक द्रावण त्या लुगोल यांच्याच नावाने ओळखले जाते. ब्रोका दांपत्याला एक मुलगी आणि दोन मुलगे झाले. दोन्ही मुलगे पुढे वैद्यकाचे प्राध्यापक झाले.

शल्यचिकित्सेत नाव मिळत असतानाच ब्रोका यांचे लक्ष मनुष्यजातीच्या अभ्यासाकडे वळले होते. १८५९ च्या मे महिन्यात त्यांनी अठरा सहकाऱ्यांसह पॅरिसमध्ये मानवशास्त्र मंडळाची स्थापना केली. तो काळ सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीचा होता. माणूस कोठून आला, त्याचे गट कसे झाले यांसारख्या प्रश्नांवर एकत्र बसून चर्चा करणारी ही मंडळी राज्य आणि धर्म यांच्या मुळावर तर उठणार नाहीत ना, अशी शंका सरकारला आली. परवानगी मिळाली ती ब्रोका यांनी स्वतः जबाबदारी घ्यावी आणि सभेला एक पोलीस अधिकारी हजर राहावा या अटीवर. कवट्या, मेंदू आणि भाषा यांवरील वादविवाद हा अधिकारी कोपऱ्यात बसून ऐकत असे. त्याला त्यातले किती समजत होते, कोण जाणे!

याच मंडळात १८६१ च्या वसंत ऋतूत एक वाद पेटला. मेंदू हा सगळा मिळून एकच अवयव म्हणून काम करतो, की त्याच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे असतात, हा त्या वादाचा विषय होता. त्यामागे जुना इतिहास होता. शतकाच्या आरंभी गाल नावाच्या डॉक्टरांनी मनाच्या प्रत्येक शक्तीला मेंदूत स्वतंत्र जागा असते असे प्रतिपादन केले होते. पण कवटीवरील उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगता येतो असेही ते म्हणू लागले आणि त्यांच्या अनुयायांनी त्याचा बाजार मांडला. त्यामुळे मेंदूच्या भागांविषयी बोलणेच विद्वानांना उथळ वाटू लागले. पक्ष्यांवर व प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या फ्लुराँस यांनी मोठा मेंदू अखंडपणे काम करतो, असा निर्वाळा दिला होता. मात्र बुयो नावाचे ज्येष्ठ डॉक्टर वाचाशक्ती मेंदूच्या पुढच्या भागात, म्हणजे कपाळामागच्या ललाटखंडात असते, हे आपले मत सोडावयास तयार नव्हते.

बुयो यांचे जावई ओबर्तँ हे मंडळाचे सदस्य होते. त्यांनी सभेत एका रुग्णाची हकीकत सांगितली. त्याच्या डोक्याला गोळी लागून कपाळाचे हाड उडाले होते आणि मेंदूचा पुढचा भाग उघडा पडला होता. तो शुद्धीवर होता आणि बोलत होता. तो बोलत असताना मेंदूच्या त्या भागावर चपट्या सळईने हलकेच दाब दिला की त्याचे बोलणे थांबे, अगदी तोंडातला शब्द अर्ध्यावर तुटे. दाब काढताच वाचा परत येई. आजच्या वाचकाला हा प्रयोग निर्दयपणाचा वाटेल आणि ते योग्यच आहे. परंतु वाचा ही त्या त्या क्षणी घडणारी क्रिया आहे, तिला मेंदूतील चालत्या यंत्रणेचा आधार लागतो, हे त्यातून जितके स्पष्ट दिसले तितके आधीच्या कोणत्याही युक्तिवादातून दिसले नव्हते. ओबर्तँ यांनी पुढे जाऊन पैजही लावली. वाचा गेलेल्या एखाद्या रुग्णाचे ललाटखंड मृत्यूनंतर शाबूत आढळले, तर आपण आपले मत सोडून देऊ, असे त्यांनी जाहीर केले.

त्यानंतर आठवडाभरातच, ११ एप्रिल १८६१ रोजी, बिसेत्र येथील रुग्णालयात ब्रोका यांच्या शस्त्रक्रिया विभागात एका रुग्णाला आणण्यात आले. पॅरिसच्या दक्षिणेस असलेले बिसेत्र हे केवळ रुग्णालय नव्हते. वृद्ध, असाध्य रोगी आणि मनोरुग्ण अशा निराधार पुरुषांचा तो आश्रय होता. या रुग्णाचे आडनाव लबोर्न, वय ५१ वर्षे. उजव्या पायाला गँगरीन झाले होते आणि त्याचा अंत जवळ आला होता.

लबोर्नला लहानपणापासून फेपरे येत असे. तरीही तो कामधंदा करून पोट भरत होता. जोडे ज्यांवर चढवून शिवतात ते लाकडी साचे तो बनवत असे. वयाच्या तिसाव्या वर्षी त्याची वाचा गेली आणि काही महिन्यांनी त्याला बिसेत्र येथे दाखल करण्यात आले. तेव्हापासून त्याच्या तोंडून एकच अक्षर निघे, ‘टॅन’. काहीही विचारले तरी तो हेच अक्षर दोनदा उच्चारी. त्या अक्षराचा चढउतार मात्र प्रसंगानुसार बदलत असे. पुढे त्याचा उजवा हात लुळा पडला, नंतर उजवा पाय गेला, आणि शेवटची सात वर्षे तो अंथरुणाला खिळून होता. रुग्णालयात त्याचे खरे नाव फारसे कोणी घेत नसे. सगळे त्याला टॅन म्हणूनच हाक मारीत. इतर रहिवाशांच्या लेखी तो तापट आणि खुनशी होता. आपले म्हणणे कोणाला कळत नाही म्हणजे काय होते, हे ज्याने वीस वर्षे सोसले त्याच्या स्वभावाविषयी असा निवाडा देणे सोपे असते.

ब्रोका यांना खरे म्हणजे त्याच्या पायावर उपचार करायचे होते. परंतु त्यांनी त्याची विचारपूस सुरू केली. बिसेत्र येथे येऊन किती वर्षे झाली, असा प्रश्न त्यांनी केला. लबोर्नने डाव्या हाताची मूठ चार वेळा उघडून पाच-पाच बोटे दाखवली आणि नंतर एक बोट वर केले. याचा अर्थ एकवीस वर्षे, आणि ते उत्तर बरोबर होते. दुसऱ्या दिवशी ब्रोका यांनी तोच प्रश्न विचारला. उत्तर तेच मिळाले. तिसऱ्यांदा विचारताच डॉक्टर आपली परीक्षा पाहत आहेत हे लबोर्नच्या ध्यानात आले. तो संतापला आणि त्याच्या तोंडून एक शिवी बाहेर पडली. टॅन या अक्षराखेरीज ब्रोका यांनी त्याच्याकडून ऐकलेले शब्द एवढेच. घड्याळ दाखवल्यावर त्याने वेळ बरोबर सांगितली. कोणता अवयव कधी गेला असे विचारता त्याने आधी जिभेकडे, मग उजव्या हाताकडे आणि शेवटी उजव्या पायाकडे बोट दाखवले.

या साध्या प्रश्नोत्तरांत मोठा शोध दडलेला होता. प्रश्न ऐकून त्यातील शब्दांचा अर्थ लावल्याशिवाय, वाक्याचा रोख ओळखल्याशिवाय आणि स्मरणात शोध घेतल्याशिवाय एकवीस हे उत्तर बोटांवर येणार नाही. म्हणजे या माणसाच्या मनात भाषा होती. तिचा आत येणारा मार्ग खुला होता, बाहेर जाणारा मार्ग बंद झाला होता. त्याची जीभ आणि ओठ हलत होते, आवाज शाबूत होता. तरीही उच्चारित शब्द घडवण्याची हातोटी तेवढी नाहीशी झाली होती. काही प्रश्नांची उत्तरे त्याने चुकीचीही दिली. स्वतः अविवाहित असून त्याने आपल्याला मुले असल्याचे खुणेने सांगितले. ब्रोका यांनी हेही नोंदवून ठेवले. त्यांच्या वृत्तांताचे मोल या प्रामाणिकपणामुळेच वाढले आहे.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना अर्धांगवायूनंतर दोनच शब्द उच्चारता येत असत. भेटीला येणारी माणसे त्यांच्याशी उगाचच मोठ्याने बोलत, नाहीतर त्यांच्या खाटेशी बसूनच त्यांच्या औषधपाण्याची, खर्चाची आणि आयुष्याची चर्चा करीत. ते गृहस्थ तेव्हा डोळे मिटून घेत. त्यांना सारे समजत असावे, ही शंका आम्हां शेजाऱ्यांना फार उशिरा आली. बोलता न येणे आणि न समजणे यांची आपण सहज गल्लत करतो. वास्तविक, परक्या प्रांतात जाऊन राहिलेल्या कोणालाही या दोहोंतील अंतर ठाऊक असते. तेथील भाषा कानाला कळू लागते ती जिभेवर येण्याच्या कितीतरी आधी.

लबोर्न १७ एप्रिल रोजी मरण पावला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या डाव्या ललाटखंडात कोंबडीच्या अंड्याएवढी पोकळी आढळली. सभोवतालचा भागही मऊ पडला होता. विकृतीची सुरुवात कोठून झाली असावी याचा ब्रोका यांनी कसोशीने विचार केला आणि ललाटखंडातील तिसऱ्या वळीच्या मागील भागावर बोट ठेवले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो मेंदू मानवशास्त्र मंडळासमोर सादर केला. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, तिचे महत्त्व त्या वेळी कोणाला जाणवले नसेल. आतील विकृती पाहण्यासाठी मेंदूचे काप करण्याचा मोह त्यांनी टाळला आणि पुढील अभ्यासकांसाठी तो अखंड स्वरूपात मद्यार्कात जतन करून ठेवला.

एका रुग्णावरून सिद्धान्त उभा राहत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात दुसरा रुग्ण आला. ललाँ आडनावाचा हा ८४ वर्षांचा म्हातारा पूर्वी खोदकाम करणारा मजूर होता. पडल्यामुळे त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. दीड वर्षापूर्वीच्या झटक्यानंतर त्याच्यापाशी पाचच शब्द उरले होते. होय आणि नाही यांसाठीचे दोन, तीन या अर्थाचा एक, नेहमी या अर्थाचा एक, आणि पाचवे त्याचे स्वतःचे आडनाव. त्यांतही तीन या अर्थाच्या ‘त्रवा’ शब्दाचा उच्चार तो ‘त्वा’ असा करी आणि आडनाव ‘ललो’ असे सांगे.

कोणतीही संख्या सांगायची झाली की ललाँ तीन हाच शब्द उच्चारी आणि त्याच वेळी बोटांनी खरी संख्या दाखवून स्वतःची चूक सुधारी. मुले किती असे विचारले तेव्हा तो तीन म्हणाला आणि त्याने चार बोटे वर केली. मुलगे किती, तर पुन्हा तीन, पण बोटे दोन. मुली किती, तर तीन, आणि बोटे दोनच. घड्याळात किती वाजले याचे उत्तरही तीनच आले, परंतु दोन्ही हातांची दहा बोटे वर झाली, आणि दहाच वाजले होते. वय सांगताना त्याने आधी आठ आणि मग चार बोटे दाखवली. तोंड एक सांगत होते, हात दुसरे सांगत होता, आणि खरे होते ते हाताचे. मनात योग्य संख्या तयार होती, जिभेपर्यंत येताना तिच्या जागी दुसराच शब्द उभा राहत होता आणि ती चूक त्याला त्याच क्षणी जाणवत होती. माणसाचे मन स्वतःच्या बोलण्यावरही सतत कान ठेवून असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

ललाँ ८ नोव्हेंबरला मरण पावला. त्याच्याही मेंदूत डाव्या ललाटखंडाच्या जवळजवळ त्याच जागी विकृती आढळली. या विकाराला ब्रोका यांनी स्वतः एक नाव दिले होते, परंतु १८६४ मध्ये त्रुसो या डॉक्टरांनी सुचवलेले अफेझिया हेच नाव पुढे रूढ झाले. मराठीत आपण त्याला वाचाघात म्हणतो.

पुढील दोन वर्षांत ब्रोका यांनी अशा आठ रुग्णांच्या नोंदी जमवल्या. आठही जणांच्या मेंदूतील विकृती डाव्या बाजूला होती. मेंदूचे दोन्ही अर्धे दिसायला सारखे असताना भाषेने डावी बाजूच का निवडावी, हे त्यांनाही कोडे वाटले. त्यांनी घाई केली नाही. १८६५ मध्ये मात्र मनुष्य डाव्या अर्ध्या मेंदूने बोलतो, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. हा मान कोणाचा, यावरून तंटा झाला. दक्षिण फ्रान्समधील मार्क दाक्स नावाच्या डॉक्टरांनी १८३६ मध्येच अशा अर्थाचा लेख लिहून ठेवला होता, असा दावा त्यांच्या मुलाने केला. वडिलांचा तो लेख १८६५ मध्येच छापून निघाला. दाक्स यांनी निरीक्षण आधी केले असावे. परंतु मेंदू प्रत्यक्ष तपासून पुरावा उभा केला तो ब्रोका यांनी, असे मानणे मला न्याय्य वाटते.

त्याच लेखात ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका प्रौढ रुग्णाला पुन्हा शिकवण्याच्या प्रयत्नांची माहिती दिली आहे. तो रुग्ण अक्षरे ओळखू लागला, पण अक्षरे जोडून शब्द बनवणे त्याला जमेना. डॉक्टर रुग्णाजवळ काही मिनिटे बसतो, तर मूल दिवसभर आईच्या सहवासात राहून भाषा शिकते. तेवढा वेळ आणि तेवढी चिकाटी रुग्णाला मिळाली तर कदाचित अधिक साध्य होईल, असा विचार त्यांनी मांडला. वाचाघात झालेल्यांना बोलण्याचे शिक्षण देण्याचे शास्त्र आज बरेच पुढे गेले आहे. त्याच्या आरंभीच्या खुणांमध्ये या प्रयत्नाची गणना होते.

ब्रोका यांनी बाहेर जाणारा मार्ग दाखवला. आत येणाऱ्या मार्गाचा शोध लागला तो १८७४ मध्ये, कार्ल व्हर्निके या अवघ्या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरांमुळे. त्यांचे रुग्ण अस्खलित बोलत. पण बोलण्यात भलतेच शब्द येत आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. कान चांगले असूनही त्यांना बहिरे समजले जाई, कधी वेडेही ठरवले जाई. यांच्या मेंदूतील विकृती डाव्या कानामागील बाजूस, शंखखंडात होती. ऐकलेल्या शब्दांचे ठसे तेथे असतात, उच्चाराची जुळणी पुढे ब्रोका यांच्या जागी होते आणि या दोहोंना जोडणारे तंतू असतात, असे चित्र व्हर्निके यांनी रेखाटले. भाषा मेंदूत एका ठिकाणी साठवलेली नसून अनेक ठिकाणांमधील वाहती क्रिया आहे, ही कल्पना येथून पुढे रुजली.

ब्रोका यांच्या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मेंदू जितका मोठा तितकी बुद्धी अधिक, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी हजारो कवट्या मोजल्या, मोजमापाची नवी उपकरणे तयार केली, आणि त्या आकड्यांवरून स्त्रिया पुरुषांपेक्षा व इतर खंडांतील लोक युरोपीयांपेक्षा बुद्धीने कमी, असे निष्कर्ष काढले. हे निष्कर्ष चुकीचे होते. शरीराच्या आकारमानानुसार मेंदूचे वजन बदलते. त्यावरून बुद्धीची प्रतवारी लावता येत नाही. मोजमाप काटेकोर होते, पण उत्तर आधीच ठरलेले होते. लबोर्नच्या खाटेपाशी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणारा हा माणूस कवट्यांच्या कपाटासमोर मात्र स्वतःच्याच समाजाचे पूर्वग्रह ऐकत राहिला. अशा मोजमापांचा आधार घेऊन पुढे वसाहतींतील लोकांना हीन ठरवले गेले, हे आपण भारतीयांनी विसरावे असे नाही.

गंमत अशी की याच ब्रोका यांनी आयुष्याच्या अखेरीस मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार केला. १८८० मध्ये ते फ्रान्सच्या सिनेटचे आजीव सदस्य झाले. मुलींसाठी सरकारी माध्यमिक शाळा काढण्याचे विधेयक तेव्हा सिनेटपुढे होते आणि त्यावरील समितीचा अहवाल मांडण्याचे काम त्यांच्याकडे होते. परंतु ९ जुलै १८८० रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांचे अचानक निधन झाले. तो कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संमत झाला.

यानंतरच्या काळात ब्रोका यांच्या कामाची पुनःपुन्हा तपासणी झाली. वाचा गेली तरी समज पूर्ण शाबूत राहते, हे त्यांचे मत थोडे बदलावे लागले. १९७६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अशा रुग्णांना निरनिराळ्या रचनेची वाक्ये ऐकवली. जेथे अर्थावरूनच उलगडा होतो अशी वाक्ये त्यांना कळत, पण जेथे केवळ व्याकरणाचा आधार असतो तेथे ते गोंधळत. आपल्या भाषेतील उदाहरण घेऊन हा फरक समजून घेता येईल. मुलाने आंबा खाल्ला, या वाक्यात खाणारा कोण याविषयी संशय नसतो, कारण आंबा मुलाला खाणार नाही. मात्र मुलाने मुलीला ढकलले आणि मुलाला मुलीने ढकलले, या दोन वाक्यांतील भेद ने आणि ला या इवल्याशा प्रत्ययांवर उभा आहे. म्हणजे ब्रोका यांनी दाखवलेला भाग आणि त्याच्या शेजारचे भाग केवळ उच्चाराचे नव्हेत, ऐकलेल्या शब्दांची वीण ओळखण्याचेही काम करत असावेत.

ब्रोका यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, म्हणजे १९८० मध्ये, मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी माणसे वाक्ये वाचत असताना त्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदवल्या. वाक्यात अर्थाशी विसंगत शब्द येताच, तो दिसल्यापासून सुमारे ४०० सहस्रांश सेकंदाला, लहरींमध्ये ठळक बदल दिसला. पोळीला कुलूप लावल्यावर आपण जे अडखळतो, ते अर्ध्या सेकंदाच्या आतच. ब्रोका यांना मेंदू पाहण्यासाठी रुग्णाच्या मृत्यूची वाट पाहावी लागत असे. आता निरोगी माणसाच्या मनातील भाषा ती घडत असतानाच टिपता येऊ लागली.

ब्रोका यांनी न कापलेले ते दोन मेंदू पॅरिसमधील संग्रहालयात सुरक्षित होते. २००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआय यंत्राने त्यांची तपासणी केली. बाहेरून दिसणाऱ्या विकृतीखेरीज आत खोलवर, मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचीही हानी झाल्याचे त्यात आढळले. लबोर्न आणि ललाँ यांची वाचा केवळ एका वळीमुळे गेली नव्हती. ब्रोका यांच्या मताला मुरड घालणारा हा पुरावा त्यांनीच जपून ठेवलेल्या वस्तूतून मिळाला.

टॅन या नावामागचा माणूस कोण होता, हे मात्र दीडशे वर्षे कोणी शोधले नव्हते. २०१३ मध्ये चेझारी दोमान्स्की या पोलिश संशोधकांनी फ्रान्समधील जुन्या नोंदवह्या चाळून ते शोधून काढले. त्याचे पूर्ण नाव लुई व्हिक्टर लबोर्न. त्याचा जन्म पॅरिसच्या आग्नेयेकडील मोरे या गावी झाला होता आणि त्याचे वडील शाळेत शिक्षक होते. त्या गावी कातडे कमावण्यासाठी लागणारी झाडाची साल दळणाऱ्या गिरण्या होत्या. फ्रेंच भाषेत त्या सालीच्या भुकटीला टॅन असाच शब्द आहे. आयुष्यभर त्याच्या ओठांवर राहिलेले अक्षर लहानपणी कानांवर पडलेल्या या शब्दातून तर आले नसेल ना, असा या संशोधकांचा तर्क आहे.